माझ्या हातून लागलं

म्युनिक, ८ फेब्रुवारी २०२४

ऊर्मिलाताई,

आपली ओळख नाही. मी विभावरी. इथे कोर्टात मराठीची दुभाषी म्हणून काम करते. तुमचे यजमान आत्माराम यांच्या खटल्यात काल मीच होते. त्यांनीच तुमचा पत्ता सांगितला आणि घरी कळवा म्हणाले. तुरुंगातून त्यांनी लिहिलेलं पत्र आधी तपासायला जातं, मराठी असल्याने त्याचं भाषांतर होतं, त्यात फार वेळ जातो. फोनवर ती नुसती रडते, पण लिहिलेलं नीट वाचते, असं ते म्हणाले. खरं तर मी असं परस्पर लिहायला नको. पण माझ्याने त्यांना नाही म्हणवलं नाही.

निकाल चांगला नाही. रेस्टॉरंटचे मालक चंद्रशेखर यांच्या हातावर सुरीने वार केल्याबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली आहे. इथे बेवेरुंग नावाची सवलत असते. शिक्षा झाली तरी माणूस अटींवर बाहेर राहू शकतो. ती मिळाली नाही. जजसाहेबांचं म्हणणं पडलं की आरोपीला पश्चात्ताप दिसत नाही, नोकरीबरोबर राहण्याची खोलीही गेली आहे, आणि घरचं कुणी इथे नाही. ऑक्टोबरपासून ते आत आहेत, तो काळ शिक्षेत धरला जाईल.

त्यांची तब्येत ठीक आहे. वजन थोडं उतरलंय. फ्राऊ लिंडनर म्हणून त्यांच्या वकीलबाई आहेत, सरकारने दिलेल्या, पण मनापासून काम करणाऱ्या. त्या वरच्या कोर्टात जाणार आहेत. शिक्षा कमी होऊ शकेल असं त्यांना वाटतं. गुन्हा आत्मारामजींनी कबूल केलेला असल्यामुळे बाकी वाद फारसा उरलेला नाही.

माझ्याबद्दल विचाराल तर मी कुणाच्याच बाजूची नसते. आरोपी मराठीत जे बोलतो ते जर्मनमध्ये सांगायचं आणि कोर्ट जे बोलतं ते मराठीत, एवढंच माझं काम.

खाली माझा नंबर दिला आहे. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

विभावरी


म्युनिक, ११ मार्च २०२४

ऊर्मिलाताई,

तुमचा व्हॉइस मेसेज मिळाला. उत्तराला उशीर झाला, क्षमा करा. अवनीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, परीक्षा होत्या.

तुम्ही विचारलंत, "कबूल केलं म्हणता, तर नेमकं काय म्हणले ते? त्यांच्याच शब्दांत सांगा." ताई, खटला दोन-अडीच तास चालतो. दोन्हीकडून बोलणं सुरू असतं, आणि दुभाष्याच्या डोक्यात ते फार काळ टिकत नाही, एका कानाने येतं आणि दुसऱ्या भाषेत निघून जातं. त्यामुळे नेमके शब्द आता सांगता येणार नाहीत. इथल्या कोर्टात रेकॉर्डिंगही होत नाही. कारकून थोडक्यात टिपण घेतो, तेही अर्थातच जर्मनमध्ये, म्हणजे मी जे सांगितलं त्याचं.

मथितार्थ असा होता की भांडण झालं आणि त्यात त्यांनी मालकांना सुरीने जखमी केलं.

पुढच्या आठवड्यात वकीलबाईंबरोबर मला तुरुंगात जायचं आहे. काही निरोप असेल तर कळवा.

विभावरी


म्युनिक, १९ मार्च २०२४

ऊर्मिलाताई,

मागच्या पत्रात मी तुम्हाला खोटं लिहिलं. त्यांचे शब्द मला पाठ आहेत.

ते म्हणाले होते, "साहेबांनी माझं मनगट धरलं, मी हात सोडवाया हिसडा दिला, अन् माझ्या हातून लागलं."

तुम्हाला याचा अर्थ सांगायला नको. 'हातून लागलं' असं आपण केव्हा म्हणतो, ते आपल्याकडच्या लहान पोरालाही कळतं. मी जजसाहेबांना जर्मनमध्ये सांगितलं: "भांडण झालं आणि मी त्याला सुरीने जखमी केलं."

त्याआधी ते बराच वेळ बोलत होते. त्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला होता, लेकीला शाळेत चक्कर आली, परभणीला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं, आणि डॉक्टरांशी फोनवर बोलता यावं म्हणून त्यांना दुपारी थोडी सुट्टी हवी होती. मालक नको म्हणाले, कारण एका कंपनीच्या पार्टीची मोठी ऑर्डर होती. हे कांदा चिरत होते, सुरी हातातच होती. "पोरगी आजारी हाय साहेब, जाऊ द्या," असं म्हणून हे वळले तेव्हा मालकांनी मागून मनगट धरलं. हे सगळं त्यांनी जसं घडलं तसं, लांबून सुरू करून, मधेच मागे जाऊन सांगितलं. मी पहिली दोन-तीन वाक्यं सांगितली. मग जजसाहेब घड्याळाकडे बघताहेत असं मला वाटलं आणि मी बाकीचं गुंडाळलं. लेकीचं आजारपण मी सांगितलंच नाही. मनगट धरल्याचंही नाही. जजसाहेबांनी एकदा विचारलं, "एवढं सगळं बोलले आणि त्याचा अर्थ इतकाच?" मी म्हटलं, "हो, साधारण इतकाच."

चंद्रशेखर यांना दुभाषी लागला नाही. ते उत्तम जर्मन बोलतात. त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून, श्वास घेण्यासकट, कोर्टापुढे गेलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती चूक म्हणता आली असती. निकाल सांगताना जजसाहेब म्हणाले की आरोपीने स्वतःच वार केल्याचं मान्य केलं आहे. तेही मलाच मराठीत सांगायचं होतं. मी सांगितलं. तुमचे यजमान माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "मी असं कवा म्हणलो बाई?"

जजसाहेबांनी मला विचारलं, काय म्हणताहेत?

तेव्हा नुसते त्यांचे शब्द जर्मनमध्ये सांगितले असते तरी पुरलं असतं. मी म्हटलं, "निकाल समजला, असं म्हणताहेत."

ताई, त्यांची तक्रारसुद्धा माझ्याच तोंडून जाणार होती. वकीलबाईंशी त्यांचं जे बोलणं होई तेही माझ्यामार्फत. मराठीचे शपथ घेतलेले दुभाषे इथे मोजकेच आहेत. त्यांना खरंखोटं सांगायला माझ्याशिवाय वाटच नव्हती, आणि मी तीच बंद करून बसले होते. वर तुम्हाला लिहिलं की मी कुणाच्या बाजूची नसते.

आज तुरुंगात भेट होती. एका टेबलाशी आम्ही तिघं. फ्राऊ लिंडनर त्यांना समजावत होत्या की वरच्या कोर्टात आपण फक्त शिक्षा कमी करा एवढंच मागू, गुन्ह्याबद्दल वाद घालायला नको, त्याने फायदा होईल. त्यासाठी त्यांची संमती हवी होती. एकदा ती दिली की मग 'वार केला' हे कायमचं ठरून गेलं असतं. मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी मुद्दाम मारलं असं व्हय म्हणायचं?"

या वेळी मी ते जसंच्या तसं सांगितलं. फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "पण ते तर त्यांनी कोर्टात कबूल केलंय."

मी म्हटलं, "नाही. त्यांनी तसं कधीच म्हटलं नाही. ते मी म्हटलं."

मग सगळं सांगितलं. त्या लिहीत होत्या, मधेच त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आता पुढे काही बोलू नका. या क्षणापासून तुम्ही या केसच्या दुभाषी नाही, साक्षीदार आहात, आणि तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो, तुम्ही तुमचा वकील बघा. त्यांचा आवाज चढला नव्हता. मला वाटतं त्यांनाही धक्का बसला होता, कारण तीन भेटी त्या माझ्या भरवशावर बोलल्या होत्या.

तुमचे यजमान कधी त्यांच्याकडे तर कधी माझ्याकडे बघत होते. "काय झालं बाई?" त्यांनी विचारलं. फ्राऊ लिंडनर यांनी मला मान हलवून नाही म्हटलं. मग त्यांना कुणीच काही सांगितलं नाही. तसेच ते परत आत गेले.

दुसरी व्यक्ती मिळेपर्यंत त्यांना काही कळणार नाही. म्हणून निदान तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही मला वाट्टेल ते म्हणा.

विभावरी


म्युनिक, १४ मे २०२४

ऊर्मिलाताई,

तुम्ही मला शिव्या द्याल असं धरून मी तुमचा मेसेज दोन दिवस ऐकलाच नव्हता. ऐकला तर त्यात एवढंच होतं: "आमच्या माणसाची अन् तुमची वळख नव्हती. मग एवढा राग कशाचा होता?"

ओळख नव्हती हे खरं. पण चंद्रशेखर यांच्याशी होती. कोर्टाने सुरुवातीला मला विचारलं होतं, दोन्ही पक्षांपैकी कुणाशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं आहे का. मी नाही म्हटलं. तेही खरंच होतं. पण आमच्या मंडळाच्या गणपतीचा प्रसाद दर वर्षी त्यांच्या किचनमधून येतो, अवनीचा अठरावा वाढदिवस आम्ही त्यांच्या गार्चिंगच्या रेस्टॉरंटमध्ये केला, त्यांची बायको आणि मी एकत्र योगाला जातो, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. ऑपरेशननंतर मी त्यांना डबा नेऊन दिला होता. कोर्टात उभी राहण्याच्या कितीतरी आधी कोणी मारलं, का मारलं, हे सगळं मला 'माहीत' होतं.

एवढं लिहिलं आणि वाटलं, झालं तुमचं उत्तर. पण ते पुरं नाही.

राग नव्हता ताई. मला त्यांची लाज वाटत होती. हे लिहायला फार जड जातंय. ते 'म्हणलो' म्हणत होते, 'कवा' म्हणत होते, जजसाहेबांपुढे हात जोडून बोलत होते, आणि जजसाहेब आमच्या दोघांकडे बघत होते. मी या शहरात वीस वर्षं काढली. शशिकांत, माझे यजमान, इथल्या मोटारींच्या कंपनीत डिपार्टमेंट सांभाळतात. तरी दुकानात कुणी माझ्याशी सावकाश, मोठ्याने बोललं की अंगावर काटा येतो. मला त्या खोलीत त्यांच्यापासून वेगळं दिसायचं होतं. म्हणून मी त्यांचं बोलणं भराभर, वरवर, नाक मुरडल्यासारखं सांगितलं. पुण्याहून आलेला एखादा इंजिनिअर तिथे बसला असता आणि त्याने हेच सांगितलं असतं, तर मी एक शब्द गाळला नसता. त्याच्या मुलीचं आजारपण तर नक्कीच नाही.

फ्राऊ लिंडनर यांनी वरच्या कोर्टाला सगळं कळवलं. माझं नाव दुभाष्यांच्या यादीतून तूर्त काढलं आहे आणि माझी वेगळी चौकशी सुरू झाली आहे. माझ्या वकिलाने सांगितलं की साक्षीला बोलावतील तेव्हा स्वतःला अडचणीत आणणाऱ्या प्रश्नांची उत्तरं न देण्याचा मला हक्क आहे. शशिकांत म्हणतात तो हक्क वापर. घाईत चुकून झालं म्हण आणि गप्प बस, त्या माणसाला सोडवायचं काम त्याच्या वकिलाचं आहे. ते वाईट नाहीत ताई, घाबरले आहेत. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं, तेव्हा त्यांनीच मंडळवाल्यांना फोन करून विचारलं, असं का केलंत.

अवनी एरवी आमच्याशी जर्मनमध्येच बोलते. जेवताना तिने मला विचारलं, "मामा, हास्ट डू गेलोगन?" म्हणजे, आई, तू खोटं बोललीस का? शशिकांत म्हणाले, तसं नसतं गं, भाषांतरात थोडंफार इकडेतिकडे होतं. ती माझ्याकडेच बघत राहिली. मी जर्मनमध्येच हो म्हटलं. तिने ताट उचललं आणि गेली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

सुनावणी जूनच्या अखेरीला आहे. तुमच्या यजमानांना आता एश्बॉर्नहून एक दुभाषी येतात, यमुनाताई म्हणून, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. त्यांनी आता सगळं त्यांना सांगितलं आहे. ते काय म्हणाले, हे मी विचारलं नाही.

विभावरी


म्युनिक, २८ जून २०२४

ऊर्मिलाताई,

काल आत्मारामजी सुटले. हे तुम्हाला त्यांच्या फोनवरून कळलं असेलच. तरी कोर्टात काय झालं ते मी बघितलं तसं लिहिते.

सुरुवातीलाच नव्या जजबाईंनी यमुनाताईंना विचारलं, तुम्ही या दोघांपैकी कुणाला ओळखता का, कधी भेटलात का, त्यांच्याकडे जेवलात का, एखाद्या मंडळात एकत्र आहात का. यमुनाताईंनी नाही म्हटलं. मग जजबाई म्हणाल्या, आरोपी जे जे बोलेल ते सगळं सांगायचं, मधे थांबला तर तो थांबला हेसुद्धा, आणि कुठे मला कंटाळा आलाय असं वाटलं तर तिकडे लक्ष देऊ नका. माझ्यामुळेच विचारलं होतं ते. मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडं होतं, म्हणून ऐकू आलं. मग दार लागलं.

मला आत बोलावल्यावर जजबाईंनी माझे हक्क समजावले. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, असं दोनदा सांगितलं. शशिकांत मागे बसले होते. मी सांगितलं, देते. त्यांचं मूळ वाक्य मराठीत म्हणून दाखवलं, यमुनाताईंनी त्याचं जर्मन केलं, मग मी मागच्या वेळी काय सांगितलं होतं ते सांगितलं. सरकारी वकिलांनी विचारलं, इतक्या महिन्यांनी शब्द इतके नेमके कसे आठवतात? मी म्हटलं, तेव्हापासून ते ऐकू यायचे थांबलेच नाहीत. मग त्यांनी विचारलं, 'निकाल समजला' हे तुम्ही जाणूनबुजून खोटं सांगितलंत का? माझा वकील उठायला लागला. मी हो म्हटलं.

साक्ष झाल्यावर मला आत बसायची परवानगी मिळाली. तुमचे यजमान तेव्हा पुन्हा बोलले. तसंच लांबून, मधेच मागे जाऊन. पोरीला चक्कर आली ते, तुमचा फोन, कांदा, पार्टीची ऑर्डर, मनगट. यमुनाताईंनी एकही वाक्य सोडलं नाही. "इथे ते थांबले आहेत," असंही म्हणाल्या. 'माझ्या हातून लागलं' आलं तेव्हा त्यांनी जजबाईंना सांगितलं की मराठीत हे 'मी मारलं' याहून वेगळं असतं, बोलणारा यात हेतू नाकारतो पण हात आपलाच होता हे मान्य करतो. जजबाईंनी ते लिहून घ्यायला लावलं. मग तुमच्या यजमानांनी चंद्रशेखरांकडे वळून म्हटलं, "साहेब, तुमची बोटं गेली त्याचं मला लई वाईट वाटतं." पश्चात्ताप दिसत नाही असं ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं, ते हेच.

चंद्रशेखर यांना जजबाईंनी विचारलं, तुम्ही मनगट धरलं होतं का? मागच्या वेळी हे कुणी विचारलंच नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. ते म्हणाले, हो, धरलं असेल, ऑर्डर होती, मी घाईत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मुद्दाम केलेला वार नव्हे, निष्काळजीपणाने झालेली इजा, असा निकाल लागला. त्याला दंड आहे, तो आत काढलेल्या महिन्यांत फिटला. पण ते महिने परत येणार नाहीत, आणि इथला त्यांचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला होता, तोही संपला. पुढच्या शुक्रवारचं तिकीट आहे. माझं काय होईल ते माझ्या चौकशीत ठरेल. त्याबद्दल तुम्हाला लिहायचं कारण नाही.

निकालानंतर ते कॉरिडॉरमध्ये यमुनाताईंबरोबर उभे होते. मी जवळ गेले. काय म्हणायचं ते ठरवलं होतं, पण "आत्मारामजी," एवढंच तोंडातून आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग यमुनाताईंकडे वळून म्हणाले, "ह्यान्ला सांगा, आता आमच्या घरी पत्र लिहू नका. माझं जे काय हाय ते मी सोता सांगीन."

यमुनाताई क्षणभर गोंधळल्या. मी दोन हातांवर उभी होते, मराठीच बोलत होते ते. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि कोर्टात बोलल्या त्याच आवाजात म्हणाल्या, "ते म्हणताहेत, आता आमच्या घरी पत्र लिहू नका. माझं जे काय आहे ते मी स्वतः सांगेन."

मी "हो" म्हटलं. त्यांनी यमुनाताईंकडे पाहिलं. "त्या हो म्हणाल्या," असं यमुनाताईंनी सांगितल्यावरच त्यांनी मान हलवली आणि ते जिन्याकडे गेले.

म्हणून हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. शुक्रवारी यमुनाताई त्यांना विमानतळावर सोडायला जाणार आहेत, त्यांच्याकडे देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. आधी ते वाचतील, आणि तुमच्या हातात द्यायचं की नाही ते तेच ठरवतील. त्यांचं बोलणं म्हणून मी वर जे जे लिहिलं आहे त्यात कुठे माझं चुकलं असेल, तर त्यांना नीट करता यावं म्हणून प्रत्येक पानाच्या कडेला रुंद जागा सोडली आहे.

विभावरी